ॲनिव्हर्सरी म्हणजे काय वळून येतं?



आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 8 वा, श्लोक 7

आळेफाट्याच्या एका ताईंनी विचारलं आहे, "सासरे जाऊन चार महिने झाले. पुढच्या आठवड्यात आई-दादांच्या लग्नाचा वाढदिवस येतोय. दरवर्षी सगळे हॅपी ॲनिव्हर्सरी म्हणायचो. यंदा आईंना काय म्हणायचं? की गप्पच बसायचं?"

प्रश्न साधा नाही. अशा दिवशी घरातला प्रत्येक जण दुसऱ्याची नजर चुकवत असतो, आणि ज्या माउलीचा तो दिवस, ती एकटीच पडते.

आधी शब्द पाहू. ॲनिव्हर्सरी हा शब्द लॅटिनमधून आला. त्यात 'वर्ष' आणि 'वळणं' असे दोन भाग आहेत. वर्ष वळून पुन्हा त्या जागी आलं, एवढाच अर्थ. त्यात आनंदही नाही आणि दुःखही नाही. गंमत म्हणजे जुन्या ख्रिस्ती परंपरेत तो प्रामुख्याने हुतात्म्यांच्या आणि गेलेल्यांच्या स्मरणदिनासाठी वापरत. लग्नाला तो नंतर चिकटला. 'हॅपी' आपण जोडतो. आपल्या मराठीत मात्र जयंती वेगळी, पुण्यतिथी वेगळी, संस्थेचा वर्धापनदिन वेगळा, लग्नाचा वाढदिवस वेगळा. शब्द वेगळे असले, तरी मनात सगळं एकत्रच असतं.

संतांनी हे कसं सांभाळलं बघा. फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे नाथषष्ठी. परंपरा सांगते, याच तिथीला जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना दत्तदर्शन, नाथांना त्यांचा अनुग्रह, स्वामींचं निर्याण आणि नाथांची जलसमाधीही याच तिथीला. जन्म, भेट आणि वियोग एकाच दिवशी! पैठणला जाणारा वारकरी 'आज हसू की रडू' असं विचारत नाही. तो टाळ घेतो आणि नाम घेतो.

आपल्याच भागात बघा. फाट्यावरून कल्याणच्या रस्त्याने गेलं की ओतूर लागतं. तिथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांनी तुकोबांना स्वप्नात उपदेश केला. तो दिवस तुकोबांनी अभंगात नोंदवला आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तिथी सांगितली, वार सांगितला, पण वर्ष सांगितलं नाही! कितवं वर्ष हे महत्त्वाचं नाही, त्या दिवशी काय मिळालं हे महत्त्वाचं.

आणि आळ्याला तर रेड्याची समाधी आहे. पैठणला माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो इथे विसावला अशी श्रद्धा आहे. त्याचा जन्मदिवस कोणाला माहीत? पण माउलींचा हात पाठीवर पडला, त्या घटकेमुळे शेकडो वर्षांनंतरही लोक तिथे डोकं टेकवतात.

आता श्लोकाकडे येऊ. भगवंत अर्जुनाला सांगतात की सर्व काळी माझं स्मरण कर, आणि युद्धही कर. स्मरणाला त्यांनी एक तारीख नेमून दिली नाही, आणि स्मरणासाठी हातातलं काम सोडायलाही सांगितलं नाही. मग वर्षाचा एक दिवस कशाला? आपण विसराळू आहोत म्हणून. औताचे बैल बांधाशी येऊन वळतात, तिथे शेतकरी क्षणभर थांबून मागची तास बघतो. सरळ गेली का? ती ॲनिव्हर्सरी.

म्हणून ताई, गप्प बसू नका. 'हॅपी' म्हणू नका, पण दिवस विसरल्यासारखंही करू नका. सकाळी आईंच्या पाया पडा. म्हणा, "आई, आज तुमच्या लग्नाचा दिवस. दादांचं काहीतरी सांगा ना." त्या रडतील, रडू द्या. मधेच हसतीलही. दादांना आवडायचं ते करा, देवाला नैवेद्य दाखवा, दारात आलेल्याला वाढा. जोडीदार गेला म्हणून त्या दिवशी देवाने दिलेलं देणं परत गेलेलं नाही. इतक्या वर्षांची सोबत, तुमचं घर, लेकरं हे सगळं त्याच दिवसातून वाढलं. वाढदिवस म्हणतात तो याचसाठी.

आजचा संकल्प : घरात जिच्या किंवा ज्याच्या दिवसाबद्दल आपण बोलायचं टाळतो, त्यांच्याजवळ आज दहा मिनिटं बसायचं.

रामकृष्णहरी!