फॉरमॅट मारू का?

सुरू न होणारा कॉम्प्युटर दुकानात नेला की काउंटरवरचा मुलगा दोन-चार बटणं दाबून बघतो आणि विचारतो, "फॉरमॅट मारू का?" आपणही बहुतेक वेळा "मारा" म्हणून मोकळे होतो. हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मला तो नैतिक वाटत आलाय. दुसऱ्याची वस्तू दुरुस्त करताना त्यातलं काय जपायचं आणि काय टाकायचं, हे कुणी ठरवायचं?

आधी बिघाड समजून घेऊ. विंडोज एक्सपीच्या काळात काळ्या स्क्रीनवर एक ओळ यायची: 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. ही सी ड्राइव्हमध्ये, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर असलेली एक छोटी फाइल. मशीन चालू केलं की विंडोजला उठवायचं काम तिचं. तिच्या जोडीला एनटीडिटेक्ट नावाची आणखी एक. दोन्ही मिळून तीनशे केबीच्या आसपास, म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या एखाद्या चित्राएवढ्या. या गेल्या की बाकी सगळं जागच्या जागी असूनही मशीन मेल्यासारखं पडून राहतं.

पण याच फाइली एक्सपीच्या सीडीवर असायच्या. सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडायचा आणि दोनदा कॉपीची कमांड द्यायची. कधीकधी तर फाइल हरवलेलीच नसते. पेन ड्राइव्ह लावलेला राहिलेला असतो आणि मशीन विंडोज तिथे शोधत बसतं. पेन ड्राइव्ह काढला की झालं.

म्हणजे जे हरवलंय ते कुठूनही आणता येतं. फॉरमॅट मारल्यावर जे जातं, ते मात्र बऱ्याचदा त्या एकाच मशीनवर असतं. एक कौल बदलायला बोलावलेल्या माणसाने घर पाडून नवीन बांधून द्यावं, तसा हा प्रकार.

तरी त्या मुलाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. फॉरमॅटला किती वेळ लागेल हे त्याला माहीत असतं आणि शेवटी मशीन चालू होणार याची खात्री असते. दुरुस्तीत चार तास जाऊन हाती काही न लागण्याची शक्यता असते. गिऱ्हाईक पैसे देतं ते चालू मशीनचे, प्रयत्नांचे नाही. शिवाय व्हायरस सगळीकडे पसरला असेल, तर फॉरमॅटच शहाणपणाचा. त्यामुळे फॉरमॅट वाईट की चांगला, हा माझा प्रश्न नाही. तो करण्याआधी काय विचारलं गेलं, हा आहे.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावच्या प्रेसवाल्या काकांचा फोन आला. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं असं त्यांचं काम. मशीन एक्सपीचं, स्क्रीनवर तीच ओळ.

"तो पोरगा म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल. मारू दे का रे?"

"काका, त्यात काय काय आहे?"

"पत्रिकांचं सगळं मॅटर डी ला आहे. सी मध्ये काय, नुसतं विंडोज."

ऐकायला बरोबर होतं. दुकानातला मुलगाही तेच म्हणाला असता. पण मी विचारलं, "पत्रिका टाइप कशात करता?"

"कोरल ड्रॉमध्ये. आपले जुने फॉन्ट आहेत ना, कृतिदेव, श्रीलिपी. काही त्या जुन्या ऑपरेटरने टाकून दिलेले."

"ते फॉन्ट कुठे आहेत?"

काका क्षणभर थांबले. "फॉन्ट होय? ते कीबोर्डातच असतात ना?"

फॉन्ट अर्थातच सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात होते. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट मराठी साठवतच नाहीत. कृतिदेवमध्ये 'राम' टाइप केलं की फाइलमध्ये इंग्रजी जे, के, ई ही तीन अक्षरं जातात. त्यांना राम करून दाखवतो तो फॉन्ट. तो गेला, तर डी वरची प्रत्येक पत्रिका शाबूत राहिली असती आणि एकही वाचता आली नसती. कृतिदेव पुन्हा मिळाला असता. जुन्या ऑपरेटरने टाकलेले फॉन्ट कुठून आणायचे?

सुट्टीत गावी गेलो. आधी लिनक्सच्या सीडीवरून मशीन चालू करून डी ड्राइव्ह आणि फॉन्ट्सचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घेतलं. मग त्या दोन फाइली कॉपी केल्या. त्याला मिनिटभरही लागलं नाही.

लिनक्सवरून डिस्क उघडली की, ती एन्क्रिप्ट केलेली नसेल तर, विंडोजचा पासवर्ड कामाचा राहत नाही. सगळी फोल्डरं समोर असतात. काय महत्त्वाचं आहे हे मी उघडून-उघडून बघू शकलो असतो. पण दिसतंय म्हणून बघायचं नसतं, विचारायचं असतं. आणि बघून तरी काय कळलं असतं? कुठल्या फॉन्टशिवाय त्यांचं काम अडतं, हे फाइलच्या नावावर लिहिलेलं नसतं.

काकांना फाइली माहीत नव्हत्या. मला त्यांचं काम माहीत नव्हतं. काय वाचवायचं हे दोघांपैकी कुणालाच एकट्याने सांगता आलं नसतं. 'काय ठेवायचंय?' हा प्रश्नही अपुरा पडला, कारण त्याचं उत्तर काकांनी प्रामाणिकपणे चुकीचं दिलं. उपयोगी पडला तो प्रश्न वेगळाच होता: तुम्ही दिवसभर यावर काय करता?

म्हणून 'गिऱ्हाईकाने हो म्हटलं, मग माझी जबाबदारी संपली' हे मला पटत नाही. ज्याला आपण कशाला हो म्हणतोय हेच माहीत नाही, त्याचा होकार अर्धाच. उरलेला अर्धा भाग जाणत्या माणसाने प्रश्न विचारून भरायचा असतो. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, हे खरं. म्हणूनच त्याला मी नैतिक म्हणतो.

आताचं विंडोज हे काम थोडं सोपं करतं. 'एसएफसी' ही कमांड बिघडलेल्या सिस्टिम फाइली ओळखून, विंडोजने बाजूला जपलेल्या प्रती त्यांच्या जागी ठेवते. रीसेट करताना मशीन स्वतःच विचारतं: माझ्या फाइली ठेवायच्या की सगळं काढायचं? पण 'माझ्या' म्हणजे कुठल्या, हे तेच ठरवतं. फाइली ठेवल्या तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. काकांचा कोरल ड्रॉ त्याच्या हिशोबात 'माझा' नाही.

आज मी नोकरीत दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड सांभाळतो. मीटिंगमध्ये दर काही दिवसांनी कुणीतरी म्हणतं, हे सगळं फेकून नव्याने लिहू. कधीकधी ते बरोबरही असतं. पण एखादी विचित्र, निरुपयोगी दिसणारी अट दिसली की ती काढण्याआधी मी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला फोन लावतो आणि विचारतो, तुम्ही दिवसभर यावर काय करता? बऱ्याचदा ती अट खरंच निरुपयोगी निघते, आणि मी ती काढून टाकतो.