श्यामची आंघोळ: बालकथेतील दृष्टिबिंदूचा नैतिक प्रश्न

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये एक महार म्हातारी मोळी डोक्यावर घेता न आल्याने खोळंबून राहते. आई श्यामला सांगते, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. या प्रसंगातील करुणेवर पुष्कळ लिहिले गेले. आंघोळीवर फारसे कोणी थांबत नाही. ज्या लेखकाने पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, त्याने ही आंघोळ लपवली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. प्रश्न लेखकाच्या हेतूचा नाही, वाचणाऱ्या मुलाच्या जागेचा आहे.

हा पाठ पुसेगावच्या वर्गात वाचला जात आहे, अशी कल्पना करावी. पुसेगाव म्हणजे साताऱ्याचे नव्हे, हिंगोलीचे: १९४८ पर्यंत निजामी राजवटीतले, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातले. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर परभणी-नांदेडच्या खेड्यांतील दलित वस्त्यांवर जे गुदरले, त्याची आठवण या मुलुखात अद्याप घरोघर आहे. गावातली आणि वस्तीतली मुले एकाच वर्गात बसतात. एकाला श्याम म्हणजे आपणच वाटतो. दुसऱ्याला ती म्हातारी आपली आजी वाटते, आणि कथेने आजीला आभार मानण्यापलीकडे फारसे काही दिलेले नसते.

अशा वेळी पाठ घाईने उरकला जातो. समर्थन ठरलेले: मुलांची निरागसता जपावी. पण कोणाची? दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा प्र. ई. सोनकांबळे यांचे मराठवाड्यातील पोरक्या बालपणाचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) वाचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की, विटाळाचे ज्ञान त्या मुलांना अक्षरांच्या बरोबरीनेच होते. ज्या निरागसतेवर मराठी बालसाहित्याचा मुख्य प्रवाह उभा आहे, ती वयाची अवस्था नसून जातीची सवलत आहे.

तरीही एक आक्षेप गंभीर आहे. विटाळाची गोष्ट वाचताच वर्गातील डोळे एका बाकाकडे वळतील. जे मूल विसरून खेळत होते त्याला पुन्हा ओळखले जाईल. पुस्तक स्वतःच अपमान करू शकते. मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) या बालकादंबरीत मिसिसिपीतील एका लहानग्याला शाळेत पुस्तक मिळते. गोऱ्या मुलांनी वापरून टाकून दिलेले ते पुस्तक कोणाकोणाच्या हातून, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वंशाकडे गेले याचा तक्ता आत चिकटवलेला असतो. मुलगा ते भिरकावून पायाखाली तुडवतो आणि शिक्षा भोगतो. येथे वाचक त्या मुलाकडे बघत नाही. त्याच्या बहिणीच्या निवेदनातून तो त्याच्या शेजारी बसलेला असतो. वळलेल्या डोळ्यांना दुसरे उत्तर नाही.

मराठी आत्मकथने या शेजारापर्यंत मुलांना नेत नाहीत, कारण ती विटाळाचा नियम माहीत असलेल्या प्रौढाशी बोलतात. डॉ. आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ येथे उपयोगी पडते. ते परदेशी वाचकाला समजावे म्हणून लिहिले गेले, आणि परदेशी माणूस व मूल यांच्यात एक साम्य असते: दोघांनाही नियम गृहीत नसतो. त्यामुळे १९०१ च्या प्रवासात मसूर स्थानकावर उतरलेली नीटनेटकी मुले, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर न बसणारा गाडीवान, पाण्यावाचून गेलेली रात्र हे सारे आक्रोशाशिवाय, जसे घडले तसे सांगितले जाते. नियम समजावून सांगताच त्याचा वेडेपणा उघडा पडतो. बारा वर्षांच्या मुलालाही हे गद्य पेलते. ‘मुलांना झेपणार नाही’ हे विधान म्हणूनच भाषेविषयी नाही. ते सांगणाऱ्याच्या संकोचाविषयी आहे.

मोळीची कथा गाळण्याची मुळीच गरज नाही. तिला दुसरा निवेदक हवा. म्हातारीबरोबर तिचा नातू होता असे धरले, तर तो मोळी उचलणारे हात पाहील, त्यांचे त्याला बरेही वाटेल. मग विहिरीकडे जाणारा श्याम त्याला दिसेल. आजी चालू लागलेली असेल, आणि तो तिला विचारील की, भर दुपारी हा मुलगा पुन्हा आंघोळ का करतो आहे.