ताटी कोणी उघडावी?

आषाढीच्या वाटेवर सासवडच्या मुक्कामी एक विद्यार्थी आमच्यापाशी येऊन बसला. शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारा. म्हणाला, "महाराज, टाळ घेतलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. पुष्कळांनी वाखाणला, पण वर्गातल्या चौघांनी टवाळी केली. तेवढीच पुन्हा पुन्हा उघडून वाचतो. घास गोड लागत नाही."

आम्ही चटकन बोलून गेलो, "मग तो मोबाइलच टाकून दे!" पोर कसनुसे हसले आणि उठू लागले. तेव्हा आमची चूक आमच्या ध्यानी आली. हात धरून त्याला बसवले.

वाचकहो, हे दुबळेपण एकट्या त्या पोराचे नव्हे. घर सुटलेले, नवे गणगोत जमलेले नाही. अशा वयात 'मी कोण' हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावेसे वाटते. माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून मोजतो, हा सिद्धांत अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. परंतु फोटोत दिसतो तो दुसऱ्याचा सणाचा दिवस; त्याच्याशी आपण ताडतो आपला रोजचा दिवस! फेसबुक २००४ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच निघाले. २००९ साली त्यात पसंतीचे बटण आले आणि स्तुती आकड्यांत मोजता येऊ लागली. शाबासकी कधी येते, कधी येत नाही. म्हणूनच हात सुटत नाही. टवाळी करणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, म्हणून त्याची जीभ सैल सुटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धिनाशाकडे नेणारी जी उतरंड सांगितली आहे, तिची पहिली पायरी विषयाचे चिंतन हीच आहे.

पण खरा घात लाज करते. कोणी गोड बोलून खासगी चित्र मिळवतो, मग पैशासाठी धमकावतो. पोर घरी सांगत नाही. कारण सांगितले तर आधी बोलणी बसतील, हे त्याला ठाऊक असते. धमकावणाऱ्याचे बळ आपल्या रागावर पोसते.

जनांच्या बोलांनी खिन्न होऊन ज्ञानोबारायांनीही ताटी लावून घेतली होती, असे परंपरा सांगते. धाकट्या मुक्ताबाईंनी ती मोडली नाही. बाहेर उभे राहून आर्जवाने हाक दिली. उपदेश केला खरा, पण हाकेत माया होती.

मुलांना संयम शिकवावाच; नामासारखा मनाला दुसरा टेकू नाही. मात्र आधी दाराशी जावे. "काय झाले ते सांग, मी रागावणार नाही," एवढे म्हणावे आणि तो शब्द पाळावा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर कळवताना त्याच्या शेजारी बसावे.

त्या रात्री तो पोरगा पुष्कळ बोलला. आम्ही बहुतेक ऐकतच होतो. पहाटे दिंडीत त्याचा टाळ वाजत होता.

रामकृष्णहरि.