शस्त्रक्रियेतील चूक : सब्र आणि न्याय



शस्त्रक्रियेसाठी आत नेलेला धडधाकट माणूस चादरीखाली बाहेर येतो. जनाज्याची नमाज होते, दफनविधी होतो आणि जमलेले नातलग म्हणतात, "अल्लाहची मर्जी!" ते खरेच आहे. परंतु काही दिवसांनी कळते की भूल देण्यापूर्वी आवश्यक तपासणीच झाली नव्हती. घरातील तरुण मुलगा विचारतो, "आपण दाद मागायची का?" वडीलधारे त्याला गप्प करतात, "तक्रार करणे म्हणजे तक्दीरशी भांडणे." हे उत्तर इस्लामच्या शिकवणुकीला धरून आहे काय?

सूरह अन्-निसाच्या 92 व्या आयतीकडे पाहा. तेथे हेतुपुरस्सर नव्हे, तर चुकून झालेल्या हत्येचा विचार आहे. तो मृत्यूही अल्लाहच्या इच्छेनेच आलेला असतो. तरीही मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, देण्याचा आदेश आहे. वारसांनी सदका म्हणून ती सोडून देणे हा त्यांचा अधिकार आहे. म्हणजेच तक्दीर दुःखी मनाला आधार देते, परंतु चूक करणाऱ्याची जबाबदारी पुसून टाकत नाही.

वैद्यकाबाबत तर स्पष्ट मार्गदर्शन आहे. सुनन अबू दाऊदमधील हदीसचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार असतो. चौदाव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इब्न कय्यिम यांनी यातील भेद उलगडला आहे. जाणकार वैद्याने आपल्या कलेचा हक्क पूर्ण अदा केला आणि तरीही रुग्ण दगावला, तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु त्याचा हात चुकून निरोगी अवयवाला इजा झाली, तर भरपाई आहे.

आपल्या देशाचा कायदाही असाच भेद करतो. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि तो दगावला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांना मिळालेली 3000 रुपयांची भरपाई कायम ठेवली. 1995 साली याच न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे ठरविले. तर 2005 साली, डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरण्यासाठी हलगर्जीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे, असे सांगितले. ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारणपणे 2 वर्षांच्या आत करावी लागते. रुग्णाची कागदपत्रे लेखी मागितल्यास 72 तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

म्हणून आधी कागदपत्रे मिळवा, दुसऱ्या जाणकार डॉक्टरांना दाखवा, मगच वकिलाकडे जा. बातमीची शहानिशा करण्याचा सूरह अल्-हुजुरातचा आदेश येथेही लागू आहे. प्रत्येक अपयश म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. निर्दोष डॉक्टरवर आळ घेणे हाही जुल्मच आहे. आणि रुग्णालयाच्या काचा फोडणे, डॉक्टरवर हात उचलणे यास न शरीअतमध्ये जागा आहे, न कायद्यात.

आता क्षमेविषयी. सूरह अश्-शूरामध्ये क्षमा करून सलोखा साधणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे असल्याचे सांगितले आहे. परंतु आपला हक्क ओळखून, स्वेच्छेने केलेली क्षमा ही क्षमा असते. भीतीपोटी, कोर्टाच्या कंटाळ्यापोटी किंवा लोक काय म्हणतील म्हणून बाळगलेले मौन म्हणजे क्षमा नव्हे. शिवाय, क्षमा करणारा कोण? मृताच्या मागे विधवा आणि अज्ञान मुले असतील, तर भरपाईत त्यांचा वाटा आहे. दिलदारपणाच्या नावाखाली चुलत्याने वा आजोबाने यतीमांचा वाटा सोडून देणे हे औदार्य नव्हे. ते दुसऱ्याच्या हक्काचे दान आहे.

सब्र म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. सब्र म्हणजे रागाला आवर घालून, सत्याला धरून न्यायाच्या वाटेने चालत राहणे आणि निकाल काहीही लागला तरी अल्लाहवर नाराज न होणे. तुम्ही दाद मागितल्याने उद्या त्याच टेबलावर झोपणाऱ्या एखाद्या अनोळखी रुग्णाची तपासणी वेळेवर झाली, तर तेही तुमच्या मृतासाठी सवाबाचे कारण ठरो. आमीन.