अळीची इंद्रियं किती?

राणीसावरगावात वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंबावर हुमणीचे, म्हणजे उसावरच्या किडीचे, भुंगेरे जमतात. फांद्या हलवून आम्ही ते रॉकेलच्या पाण्यात टाकतो. मी जैन घरातला. ऊस वाचवायचाच असतो, पण हात अडखळतो.

आमच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात जिवांची विभागणी इंद्रियांवरून आहे: कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार. मग हुमणी कुठे बसवायची? मातीतली अळी पांढरी, वळून पडलेली, तांबूस डोक्यामागे सहा पाय, डोळे नाहीत. तीच पुढे डोळस भुंगेरा होते. एकाच जन्मात जीव पायरी चढतो का?

मायक्रोमाल्थस तर याहून पेचात टाकतो. सडक्या लाकडातला हा भुंगेरा कीटकशास्त्रज्ञ लकाँटने 1878 साली नोंदवला. त्याचं कूळ बराच काळ वादात होतं. आज तो आर्कोस्टेमाटा या अतिप्राचीन गटात आहे. त्याची अळी आधी सहा पायांनी हिंडते, कात टाकली की बिनपायाची होते, आणि बहुधा भुंगेरा न होताच पिल्लांना जन्म देते. इथे जीव पायरी उतरला म्हणायचं?

इंद्रियं मोजून हिंसेचं वजन ठरतं, हे मला आता पटत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरी या जैन तीर्थावर कुणी मुनीमहाराज भेटले, तर आधी हेच विचारणार आहे.