ऑप्शनची विद्या

विद्या दिल्यानें वाढते, या श्रद्धेवर आम्हां शिक्षकांची उपजीविका चालते. परंतु शेअरबाजारांतील ऑप्शनचा व्यवहार शिकूं पाहणारे तरुण ‘यांत वाईट तें काय?’ असें विचारूं लागतात, तेव्हां ती श्रद्धा पुन्हा पारखून घ्यावी लागते.

ऑप्शन हा एक प्रकारचा इसार होय. मात्र तो शेवटीं किमतींत वळता होत नाहीं. ठरल्या मुदतीस ठरल्या भावानें शेअर घेण्याचा अगर विकण्याचा हक्क थोड्या पैशांत घ्यावयाचा. भाव अनुकूल न झाल्यास पैसे बुडाले. मुंबईच्या कापूसबाजारांत यासच तेजी-मंदी म्हणत, व ती बंद करण्यासाठीं १९३९ सालीं कायदा करावा लागला. शेअरांवरील ऑप्शनांस १९५६ च्या कायद्यानें केलेली मनाई १९९५ मध्यें उठली, आणि २००१ पासून हा व्यवहार राजरोस सुरू झाला.

ज्याच्यापाशीं शेअर आहेत त्यानें भाव पडण्याच्या भीतीनें विक्रीचा हक्क घेऊन ठेवला, तर त्यास कोण नांवें ठेवील? तो विमाच होय. पण आमच्याकडे येणारे विम्यासाठीं येत नाहींत.

सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शनांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्के तोट्यांत गेल्या. एकंदर तोटा १.८ लक्ष कोटींच्या वर. ‘ते न शिकतां उतरले,’ असें यावर उत्तर मिळतें. तें अर्धेंच खरें. मुदत जवळ येते तशी इसाराची किंमत झिजते, एवढेंहि ज्यास ठाऊक नाहीं त्यानें या वाटेस जाऊंच नये. परंतु येथें एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा. दलाली व कर जातां बेरीज शून्याच्याहि खालीं. मग सारेच उत्तम शिकले तरी सारे जिंकणार कसे? आम्ही व्याकरण शिकलों म्हणून शेजाऱ्याचें व्याकरण कमी होत नाहीं. येथें मात्र एकाची विद्या फळास येण्यास दुसरा कोणीतरी अडाणी राहावा लागतो.

आणि तो अडाणी कोण? २०२३-२४ मध्यें स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्यांनीं सुमारें ३३,००० कोटी व परदेशी गुंतवणूकदारांनीं सुमारें २८,००० कोटी मिळविले, आणि तेहि बहुतेक संगणकाच्या आज्ञावलींनीं. शिकवणीची फी भरून आलेला आमचा विद्यार्थी या यंत्रांसमोर स्वतःस शिकारी समजतो!

समोरचा स्वखुषीनें आला आहे, असें कोणी म्हणेल. कबूल. पण त्याच्या अज्ञानाची वाट पाहत अभ्यास करणें, यास विद्यार्जन म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं. विम्यापुरतें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें खुशाल यावें; त्यास दोन दुपारी पुरेत.