स्वचित्रातील सादृश्याचा निर्णय कोणाचा?

न्यायपरंपरेनुसार, एक वस्तू दुसरीहून भिन्न असूनही दुसरीचे बरेचसे धर्म पहिलीत आढळले, तर त्या दोहोंत सादृश्य मानले जाते. पिक्सेल आर्टमधील स्वचित्र या लक्षणाची परीक्षाच घेते. ३२ × ३२च्या जाळीत १,०२४ चौकोन असतात आणि एका डोळ्याच्या वाट्याला त्यांतले जेमतेम दोन-तीन येतात. चेहऱ्याचे बहुतेक धर्म तिथे मावतच नाहीत, तरीही माणूस ओळखू येतो. १९७३ साली बेल लॅब्जच्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोठमोठ्या करड्या चौकोनांत मांडला. लांबून किंवा डोळे किलकिले करून पाहिल्यास तो सहज ओळखता येई. म्हणजे सादृश्यात धर्म किती उतरले यापेक्षा कोणते उतरले याला महत्त्व आहे. केसांची कड, भुवयांची उंची, दोन डोळ्यांतील अंतर जमले, तर बाकीचे गाळता येते.

हे धर्म निवडताना स्वचित्रकाराची अडचण होते. त्याला स्वतःचा चेहरा थेट दिसत नाही, आणि आरसा डाव्या-उजव्याची अदलाबदल करतो. मिता, डर्मर आणि नाइट यांच्या १९७७च्या अभ्यासात सहभागी व्यक्तींचा कल स्वतःच्या आरशातल्या रूपाकडे होता, तर त्यांच्या निकटवर्तीयांचा सरळ छायाचित्राकडे. तुलना करणाऱ्याला चित्र आणि चेहरा या दोहोंचा परिचय हवा. चेहऱ्याच्या बाबतीत तो इतरांना अधिक असतो. म्हणून त्यांचा अभिप्राय हे इथे ज्ञानाचे साधन ठरते.

मात्र प्रत्येक अभिप्राय सारख्या मोलाचा नसतो. ‘तुझ्यासारखं वाटत नाही’ हा नुसता निकाल झाला. ‘भुवया एक चौकोन खाली घे’ यात कारणही आहे आणि उपायही. एका वेळी एकच बदल करून चित्र मूळ आकारात पुन्हा दाखवले, तर कोणत्या चौकोनाने ओळख पटते ते कळते. चित्र कोणाचे हे आधी न सांगता ओळखायला लावणे ही त्याहून कडक परीक्षा.

अभिप्राय देणाऱ्यांच्या अधिकाराला मर्यादाही आहे. वेदान्तात द्रष्टा आणि दृश्य यांचा भेद केला जातो, आणि चेहरा दृश्यात मोडतो. त्यामुळे चेहरा जुळला की नाही, हे पाहणाऱ्यांनी सांगावे. त्या चेहऱ्यावर कोणता भाव ठेवायचा, हे मात्र मतांच्या बेरजेने ठरत नाही. तो निर्णय चित्रकाराचाच.